अंतराळवीरांशी दहा मिनिटे

चांदरातीला मगरिबची नमाज झाली की आपल्या घरांच्या गच्च्या भरून जातात. नानीपासून कडेवरच्या बाळापर्यंत सगळे पश्चिमेकडे तोंड करून उभे असतात. कोणी म्हणते, नारळाच्या शेंड्याच्या डावीकडे बघा. कोणी म्हणते, त्या ढगाच्या खाली. ज्याला चंद्रकोर आधी दिसते त्याला त्या दिवशी मोठा मान. आभाळाकडे बघण्याची सवय आपल्या मुलांना वेगळी शिकवावी लागत नाही. ती घरातच असते.

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी आम्ही असेच गच्चीवर होतो. चांदरात नव्हती, वाळत घातलेले कपडे काढायचे राहिले होते इतकेच. तेवढ्यात वायव्येकडून एक तेजस्वी ठिपका वर चढू लागला. तो लुकलुकत नव्हता, आणि विमानाचे लाल-हिरवे दिवेही त्याला नव्हते. चार-पाच मिनिटांत तो डोक्यावरून गेला आणि पूर्वेच्या बाजूला पोहोचता पोहोचता दिवा मालवावा तसा नाहीसा झाला. मोबाइलवर पाहिले तेव्हा कळले की ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक होते.

आमची सातवीतली भाची शेजारी उभी होती. तिने विचारले, "मामू, त्यात माणसे आहेत?"

"आहेत."

"मग त्यांच्याशी बोलता येते का?"

आम्ही म्हणालो, "ती मोठ्या लोकांची कामे. चल, खाली चल, अभ्यास राहिलाय."

आमचे हे उत्तर चुकीचे होते. त्या ठिपक्यात राहणाऱ्या माणसांशी शाळकरी मुले गेली पंचवीस वर्षे बोलत आली आहेत. त्यांत खेड्यातली मुले आहेत, मुली आहेत, इंग्रजी न येणारी मुलेही आहेत. आम्हाला हे ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसताना आम्ही मुलीला गप्प केले. म्हणून हा लेख.

हॅम रेडिओ म्हणजे काय?

बातम्या आणि गाणी ऐकवणारा रेडिओ आपल्याला माहीत आहे. तो फक्त ऐकायचा असतो. हॅम रेडिओ म्हणजे हौशी रेडिओ. त्यावर ऐकताही येते आणि बोलताही येते. सरकारची परीक्षा देऊन परवाना घेतलेली माणसे आपापल्या घरातल्या छोट्या संचावरून एकमेकांशी बोलतात. प्रत्येकाला एक कॉल साइन मिळते, म्हणजे हवेतले त्याचे नाव. भारतातल्या हॅम मंडळींची कॉल साइन 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होते. यात धंदा करायचा नसतो, पैसे घ्यायचे नसतात. राजकारण आणि धर्मावरची वादावादी टाळायची, असा रिवाज आहे. आधी ऐकायचे, दुसऱ्याचे बोलणे तोडायचे नाही, आपली ओळख सांगूनच बोलायचे आणि आपले संपले की 'ओव्हर' म्हणायचे. मजलिसीचा अदब ज्याला ठाऊक आहे त्याला हा अदब नवा वाटणार नाही.

असाच एक संच अवकाश स्थानकावरही आहे. तो 'कोलंबस' नावाच्या युरोपीय प्रयोगशाळेत बसवला आहे. अंतराळवीर आपल्या कामातून वेळ काढून त्यावर शाळांशी बोलतात. हा उपक्रम जगभरातल्या हॅम संघटना आणि अवकाश संस्था मिळून चालवतात. त्याला थोडक्यात 'एरिस' म्हणतात.

जुलै २०२५ मध्ये आपल्या देशाचे शुभांशु शुक्ला अवकाश स्थानकावर होते. २५ जून २०२५ रोजी ते निघाले आणि १५ जुलैला परतले. त्या दिवसांत ४ जुलैला बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रातून आणि ८ जुलैला मेघालयात शिलाँगजवळच्या ईशान्य अवकाश उपयोजन केंद्रातून विद्यार्थी त्यांच्याशी हॅम रेडिओवर बोलले. ही बातमी वाचली तेव्हा आम्हाला गच्चीवरचा प्रश्न आठवला. भाचीलाही आठवला. ती काही बोलली नाही, फक्त वर्तमानपत्र आमच्यासमोर आणून ठेवले.

एक बादशहा आणि एक इंजिनियर

अवकाशातून हौशी रेडिओवर बोलण्याची सुरुवात १९८३ मध्ये झाली. अमेरिकेच्या 'कोलंबिया' यानातून गेलेले शास्त्रज्ञ ओवेन गॅरियट स्वतः हॅम होते. त्यांनी हातात मावेल असा एक संच बरोबर नेला, खिडकीला अँटेना लावली आणि फावल्या वेळात पृथ्वीवर हाक मारायला सुरुवात केली. त्या दहा दिवसांत अडीचशेच्या आसपास लोकांशी त्यांचे बोलणे झाले. त्यांतले एक होते जॉर्डनचे बादशहा हुसेन.

बादशहा हुसेन हे नावाजलेले हॅम होते. त्यांची कॉल साइन होती 'जेवाय१'. जगात कुठेही कोणी हाक मारली आणि ती त्यांच्या कानावर पडली, तर ते स्वतः उत्तर देत आणि आपले नाव नुसते 'हुसेन' असे सांगत. समोरच्याला बऱ्याचदा नंतर कळायचे की आपण एका देशाच्या बादशहाशी बोललो. हवेत सगळ्यांची पायरी एकच, मग कोणी बादशहा असो, शिक्षक असो वा विद्यार्थी. १९९९ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. डिसेंबर २०१८ मध्ये जॉर्डनने आपला पहिला छोटा उपग्रह सोडला. तरुणांनी तयार केलेल्या त्या उपग्रहाचे नाव होते 'जेवाय१सॅट'.

गॅरियटनंतर पाच वर्षांनी सोव्हिएत संघाच्या 'मीर' स्थानकावरही हॅम रेडिओ पोहोचला. तिथून बोलणाऱ्या पहिल्या अंतराळवीरांत मुसा मनारोव होते. बाकूत जन्मलेले हे इंजिनियर दागेस्तानच्या लाक समाजातले. त्यांनी व्लादिमीर तितोव यांच्याबरोबर मीरवर सलग एक वर्ष काढले. 'यू२एमआयआर' ही त्यांची कॉल साइन जगातल्या अनेक हॅम मंडळींच्या वहीत नोंदलेली आहे. माणसांपासून इतके दिवस दूर राहिल्यावर एखाद्या अनोळखी आवाजाची किंमत काय असते, हे परदेशात नोकरी करणाऱ्या आपल्या घरातल्या माणसांना विचारावे. त्यांना ते लगेच समजेल.

आजचे आंतरराष्ट्रीय स्थानक नोव्हेंबर २००० पासून वसलेले आहे. पहिली तुकडी पोहोचली आणि दोनच महिन्यांच्या आत, २१ डिसेंबर २००० रोजी, शिकागोजवळच्या एका शाळेतल्या मुलांशी अंतराळवीर बिल शेफर्ड बोलले. तेव्हापासून हा सिलसिला चालू आहे. मार्च २०१६ मध्ये या उपक्रमातला हजारावा संवाद पार पडला.

दहाच मिनिटे का?

मोबाइलवर आपण तासभर बोलतो. मग इथे दहाच मिनिटे का? कारण स्थानक एका जागी थांबत नाही. ते जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने धावते. दीड तासात पृथ्वीची एक फेरी पूर्ण होते. ज्या लहरींवर हे बोलणे होते त्या सरळ रेषेत जातात, म्हणून स्थानक क्षितिजाच्या वर असेल तेवढाच वेळ बोलता येते. एका टोकाकडून उगवून दुसऱ्या टोकाला मावळेपर्यंत फार तर दहा-अकरा मिनिटे मिळतात.

हे गणित आपल्याला परके नाही. रमजानमध्ये प्रत्येक घरात सहरी-इफ्तारचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले असते. त्यात मिनिटाला किंमत असते, आणि मुंबईची वेळ नागपूरला चालत नाही. स्थानकाच्या फेऱ्यांचेही असेच वेळापत्रक असते: अमुक गावात, अमुक वाजता, अमुक दिशेला उगवणार, इतके वर चढणार, तिकडे मावळणार. किब्ल्याची दिशा होकायंत्रावर धरावी तशी अँटेनाची दिशा अंशांत ठरवावी लागते. फरक इतकाच की किब्ला एका जागी असतो आणि स्थानक धावत असते. त्यामुळे अँटेनाही त्याच्या मागे मागे फिरवत राहावी लागते.

आणखी एक अडचण आवाजाच्या लहरींची. रुग्णवाहिका जवळ येताना तिचा भोंगा चढा लागतो आणि पुढे निघून गेली की उतरतो. रेडिओ लहरींचेही तसेच होते. स्थानक १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलते, पण ते आपल्याकडे येत असताना ही संख्या थोडी वाढलेली आणि दूर जाताना थोडी घटलेली भरते. फरक तीन-साडेतीन किलोहर्ट्झचा असतो. त्यानुसार संच जुळवत राहावा लागतो. म्हणजे मूल प्रश्न विचारत असते तेव्हा मागे एक जण अँटेना सांभाळत असतो, एक जण संच जुळवत असतो आणि एक जण घड्याळाकडे बघत असतो.

ज्या शाळेच्या आभाळातून योग्य वेळी स्थानक जात नाही तिचीही सोय होते. ऑस्ट्रेलिया, इटली, अमेरिका अशा ठिकाणची अनुभवी हॅम केंद्रे स्थानकाशी संपर्क साधतात आणि शाळेला फोनने जोडून देतात.

आता एक गोष्ट खास कोकणातल्या वाचकांसाठी. स्थानक जिथे असते तिथून चहूबाजूंना सुमारे २,२०० किलोमीटरपर्यंत त्याचा आवाज पोहोचू शकतो. ते अरबी समुद्रावर असेल तेव्हा रत्नागिरी आणि दुबई, दोन्ही एकाच वर्तुळात येतात. मस्कत येते, कराचीही येते. अब्बा दुबईत आणि मुलगी रत्नागिरीत, दोघांनी आपापल्या गच्चीवर संच लावला तर एकच आवाज एकाच क्षणी दोघांच्या कानावर पडेल. मध्ये ना मोबाइलचा टॉवर, ना इंटरनेट, ना बिल.

रांगेतले शेवटचे मूल

दहा मिनिटांच्या संवादामागे कित्येक महिन्यांची तयारी असते. शाळेला अर्ज करावा लागतो. या निमित्ताने मुलांना काय शिकवणार, इतर वर्गांना कसे सामावून घेणार, हे लिहून द्यावे लागते. निवड झाली की हॅम मंडळी शाळेत येऊन अँटेना उभारतात, जोडण्या तपासतात. मुले प्रश्न लिहितात, खोडतात, पुन्हा लिहितात. दहा ते वीस प्रश्न ठरतात आणि प्रत्येकाचा क्रमांक पक्का होतो.

मग ती वेळ येते. ८ जानेवारी २०१६ रोजी इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्स गावच्या शाळेत एका विद्यार्थिनीने ध्वनिक्षेपक हातात घेतला. या संवादासाठी तिने स्वतः हॅमचा परवाना मिळवला होता. सभागृहात सगळी शाळा बसलेली, बाहेर पत्रकार. तिने स्थानकावरच्या टिम पीक यांना हाक मारली. उत्तर आले नाही, नुसती खरखर. तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा खरखर. ती थांबली नाही, त्याच शांत आवाजात हाक मारत राहिली. आणि मग खरखरीतून टिम पीक यांचा आवाज आला. शाळेत टाळ्यांचा कडकडाट झाला. तिला मात्र टाळ्या ऐकत बसायला वेळ नव्हता. पहिला प्रश्न विचारायचा होता.

प्रत्येक वेळी असे होतेच असे नाही. कधी संपर्क जुळतच नाही. कधी मध्येच तुटतो. कधी उत्तरे लांबतात आणि रांगेतल्या शेवटच्या मुलांचा क्रमांक येण्याआधीच स्थानक मावळते. महिनाभर पाठ केलेला प्रश्न हातातल्या कागदावरच राहतो. अशा मुलाला घरी गेल्यावर काय वाटत असेल, याचा आम्ही खूप विचार केला. मग वाटले, त्या मुलाने निदान प्रश्न तयार केला होता, आणि त्याला रांगेत उभे तरी केले होते. आमच्या भाचीला तर आम्ही रांगेपर्यंतही जाऊ दिले नव्हते.

नानीचा प्रश्न

घरात हा विषय निघाला तेव्हा नानी तसबीह बाजूला ठेवून म्हणाल्या, "सगळे ठीक आहे, पण वर नमाज कशी पढतात? दीड तासात एक फेरी म्हणजे दिवसातून सोळा वेळा सूर्य उगवणार. मग फज्र किती वेळा?"

आम्हाला हसू आले, पण नानींचा प्रश्न पोरकट नव्हता. एका देशाने तो फार गांभीर्याने घेतला होता. ऑक्टोबर २००७ मध्ये मलेशियाचे डॉक्टर शेख मुस्झफर शुकूर अवकाश स्थानकावर गेले. दिवस रमजानचे होते. त्याआधी मलेशियाच्या उलेमांनी आणि शास्त्रज्ञांनी एकत्र बसून अवकाशात इबादत कशी करावी याची पुस्तिकाच तयार केली. नमाजच्या वेळा यान जिथून उडाले तिथल्या घड्याळाप्रमाणे धराव्यात. किब्ला जमेल तसा धरावा: काबागृहाकडे, ते न जमल्यास पृथ्वीकडे, तेही न जमल्यास ज्या दिशेला शक्य असेल तिकडे. पाणी नसेल तर तयम्मुम करावे. रोजे परत आल्यावर ठेवले तरी चालतील. मुस्झफर यांनी ईद तिथेच साजरी केली आणि सहकाऱ्यांना मलेशियन साते व बिस्किटे खाऊ घातली. मलेशियातल्या विद्यार्थ्यांशी ते हॅम रेडिओवरही बोलले.

त्यांच्याही आधी, जून १९८५ मध्ये, सौदी अरेबियाचे शहजादे सुलतान बिन सलमान रमजानच्या शेवटच्या दिवसांत 'डिस्कव्हरी' यानातून गेले होते. २००६ मध्ये इराणमध्ये जन्मलेल्या अनुशेह अन्सारी स्थानकावर राहून आल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये संयुक्त अरब अमिरातीचे हज्जा अल मन्सूरी आठ दिवसांसाठी गेले आणि त्यांनी आपल्या देशातल्या शाळकरी मुलांशी हॅम रेडिओवर संवाद साधला. २०२३ मध्ये त्याच देशाचे सुलतान अल नेयादी सहा महिने राहिले. रमजान आणि दोन्ही ईद त्यांनी वरच काढल्या. निघण्यापूर्वी पत्रकारांनी रोज्यांबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी साधे उत्तर दिले होते की आपण मुसाफिर आहोत, आणि मुसाफिराला सवलत आहे.

नानींचे समाधान झाले. पण आमच्या डोक्यात एक गोष्ट राहिली. नानींनी विचारलेला प्रश्न आणि मलेशियाच्या उलेमांनी चर्चेला घेतलेला प्रश्न एकच होता. त्यांनी तो ऐकून घेतला, त्यावर बसून विचार केला, म्हणून त्याचे उत्तर तयार झाले. प्रश्न लहान किंवा मोठा नसतो. तो ऐकून घेणारा भेटला तरच त्याला उत्तर मिळते.

मुलींनी का मागे राहावे?

आपल्या घरांत मुली चांगल्या शिकतात, गुणही चांगले मिळवतात. पण वर्गात हात वर करायचा म्हटले की खाली बघतात. कारण घरात आपण त्यांना तसेच वळण लावलेले असते. पाहुण्यांसमोर बोलू नको, मध्ये बोलू नको, इतके प्रश्न विचारू नको. मुलगा तेच विचारतो तेव्हा त्याला हुशार म्हणतो, मुलगी विचारते तेव्हा तिला वाचाळ म्हणतो. आम्ही गच्चीवर दिलेले उत्तर याच सवयीतून आले होते, हे कबूल करायला हवे.

दुसरी भीती भाषेची. आमची भाची मराठी शाळेत शिकते. तिचे पहिले वाक्य होते, "मला तसे इंग्रजी बोलता येत नाही." पण या संवादाला इंग्रजीची सक्ती नाही. रशियन मुले रशियन अंतराळवीरांशी रशियनमध्ये बोलतात, जपानी मुले जपानीत. भाषा दोघांना येणारी असली की झाले. आपल्या देशाची गगनयान मोहीम तयार होते आहे, २०३५ पर्यंत स्वतःचे अवकाश स्थानक उभारण्याचे नियोजन आहे. उद्या वर मराठी समजणारा कोणी असेल तर त्याला मराठीत प्रश्न विचारणारी मुलगी खाली तयार असायला हवी. आणि प्रश्न इंग्रजीत विचारावा लागला तरी तो एकाच वाक्याचा असतो; ते एक वाक्य महिनाभरात कोणतेही मूल पाठ करू शकते.

हा छंद नुसत्या गंमतीचा आहे असेही कोणी समजू नये. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे हॅम सहकारी योगायोगाने अंदमानात होते. बेटांवरचे फोन बंद पडले. तेव्हा याच हौशी संचांवरून निरोप मुख्य भूमीवर पोहोचले. कोण सुखरूप आहे, कुठे काय हवे आहे, हे कळत गेले. त्या वेळी अंदमानातून जगाशी बोलणारा तो आवाज एका बाईचा होता.

घरी काय करता येईल?

पहिले काम बिनखर्चाचे. स्थानक आपल्या गावावरून कधी दिसेल हे सांगणारी मोफत साधने मोबाइलवर मिळतात. ते मगरिबनंतर किंवा फज्रच्या सुमारास दिसते, कारण तेव्हा आपल्याकडे अंधार असतो आणि वर ऊन पडलेले असते. मुलांना घेऊन गच्चीवर जा आणि वेळ तपासा. मिनिटाचाही फरक पडत नाही हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या.

दुसरे काम ऐकण्याचे. इंटरनेटवर लोकांनी खुले केलेले रेडिओ संच आहेत, त्यांवरून घरबसल्या ऐकता येते. कधी कधी स्थानकावरून चित्रेही पाठवली जातात. आमच्या ओळखीच्या एका हॅम गृहस्थांनी एकदा आपला संच आमच्या गच्चीवर आणला. आधी नुसती खरखर, मग शिट्टीसारखे चढउतार. भाचीने मोबाइल संचाजवळ धरला आणि पडद्यावर एकेक ओळ उमटत चित्र तयार होऊ लागले. अर्धे चित्र आले आणि स्थानक शेजारच्या इमारतीमागे गेले. खालचा भाग नुसता करडा राहिला. तरी ते अर्धे चित्र आजही तिच्या मोबाइलवर आहे. एक सूचना मात्र पाळावी: ज्यावरून बोलता येते असा संच परवान्याशिवाय विकत आणू नये. तो गुन्हा ठरतो.

तिसरे काम परवान्याचे. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून ही परीक्षा होते. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेले मूल ती देऊ शकते. प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम, इतकाच खालच्या श्रेणीचा अभ्यास आहे. मोर्सची कट-कट त्यात नाही. अर्ज करण्यापूर्वी त्या वेळचे नियम पाहून घ्यावेत. मुंबई-पुण्यात आणि इतरही शहरांत हॅम मंडळी आहेत आणि नवशिक्यांना ती आनंदाने शिकवतात.

चौथे काम शाळेचे. अंतराळवीरांशी संवादासाठी ठरावीक काळात शाळांकडून अर्ज मागवले जातात. आपल्या शाळा, मदरशांना जोडलेल्या शाळा, मुलींची हायस्कुले यांच्या संचालकांनी आणि विज्ञान शिक्षकांनी जवळच्या हॅम मंडळींना गाठून याची चौकशी करावी. सध्याचे स्थानक २०३० पर्यंत चालवण्याचे नियोजन आहे. आज पाचवीत असलेली मुले शाळा सोडेपर्यंत ते कदाचित नसेल. म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.

भाचीचा प्रश्न

आम्ही भाचीला म्हणालो, "त्या दिवशी आम्ही चुकलो. आता तुझा प्रश्न लिही." तिने दोन दिवस घेतले. पहिला प्रश्न होता, अवकाशात काय खाता? तो तिनेच खोडला, कारण त्याचे उत्तर पुस्तकात आहे. दुसराही खोडला. मग तिने वहीत लिहिले: "तुम्हाला घरची आठवण येऊन रडू आले तर अश्रू गालावरून खाली येतात का?"

आम्ही शोधले तेव्हा कळले की येत नाहीत. खाली असे तिथे काही नसतेच. पाणी डोळ्यापाशीच गोळा होते, थरथरते, आणि रुमालाने टिपून काढावे लागते. आम्ही तिला सांगणार होतो, पण नानींनी खूण करून थांबवले. म्हणाल्या, "राहू दे. उत्तर ज्याचे त्याला देऊ दे."

संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातल्या घड्याळासमोर उभे राहून प्रश्न वाचला. आपले नाव, इयत्ता, गाव आणि प्रश्न. चौदा सेकंद लागली. पहिल्यांदा ती शेवटचा शब्द विसरली. नानी पोळपाटावरून मान वर करून म्हणाल्या, "अगं, ते काय म्हणायचे असते शेवटी?"

ती हसली, घड्याळाकडे वळली आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचले. या वेळी शेवटी 'ओव्हर' म्हणाली.

सोमवारी ती वही घेऊन विज्ञानाच्या बाईंकडे जाणार आहे. आपल्याही घरात असे एखादे मूल असेल. आज रात्री जेवताना त्याला एकदा विचारून पाहा, वरच्या माणसांना तुला काय विचारायचे आहे? आणि ते काय सांगते ते लिहून ठेवा. अर्ज भरायची वेळ येईल तेव्हा इन्शा अल्लाह प्रश्न तयार असेल.